पंचविसावं घर

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी नसली तरी चालेल, फक्त एक आकडा ध्यानात ठेवा. १९२. एकशे ब्याण्णव. पुढं तो लागणार आहे.

आजचा विषय सांगोला विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास. सोलापूर जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा, माणदेशातला. सांगोला म्हटलं की कुणाला डाळिंब आठवतं, कुणाला रविवारच्या बाजारातली खिलार खोंडं. राजकारणात मात्र सांगोला म्हटलं की एकच नाव येतं, भाई गणपतराव देशमुख. तालुक्याचे आबासाहेब.

१९६२ साली ते शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, पहिल्यांदा आमदार झाले. पुढं १९६७. मग १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना पाडलं. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले, आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. त्यानंतर १९९५ चा पराभव. तो जरा बाजूला ठेवू. मग पुन्हा १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा. अकरा होतात. अकरा वेळा एक माणूस, एक मतदारसंघ, एक पक्ष. पुन्हा सांगतो, एक पक्ष. आजच्या दिवसांत तीन गोष्टींपैकी ही तिसरीच जास्त नवलाची, नाही का?

इथं एक सांगून ठेवतो. ‘देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार’ असं त्यांच्याबद्दल सर्रास छापून येतं. करुणानिधी तमिळनाडूत तेरा वेळा निवडून आले, तेही वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आणि एकाच मतदारसंघाचं म्हणाल तर केरळातल्या पाला इथले के. एम. मणी १९६५ पासून तिथूनच निवडून येत राहिले आणि २०१९ ला वारले तेव्हाही तिथलेच आमदार होते. आपला माणूस मोठा आहे, त्याला मोठं करायला दुसऱ्याचा आकडा खाली ओढावा लागत नाही. पण आपल्याकडं विक्रम म्हटला की पडताळा घ्यायचा नाही, ही खोडच आहे. असो.

आता १९९५. मला आज बोलायला बोलावलं ते मतदारसंघावर, आणि मी बोलणार आहे माझ्या मामावर. निर्मात्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी ही गोष्ट चहा पिताना दोनदा ऐकली आहे.

मामाची वस्ती कोळं-जुनोनीच्या अंगाला, गावापासून चार किलोमीटर आत. वस्ती म्हणजे तीन खोल्या, एक लिंबाचं झाड, आणि आठ मतं. आठ मतं कोणती? मामा, मामी, मामाचे दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, आज्जी, आणि मामाचा थोरला पोरगा. पोरगा नुकताच अठराचा झालेला, पहिलंच मत. घर पहिल्यापासून लाल बावट्याचं, म्हणजे शेकापचं. खटाऱ्यावर, पक्षाच्या चिन्हावर, शिक्का मारायचा, एवढंच त्या घराचं राजकारण.

मतदान फेब्रुवारीत. आणि फेब्रुवारीत आपल्याकडं काय असतं? शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आलेला असतो. ऐकणाऱ्यांत ज्यांनी शाळू उपटलाय त्यांना सांगायला नको, ऊन चढायच्या आत जेवढा निघेल तेवढा खरा. नंतर ताट कडक होतं आणि तळहाताची सालटी निघतात. (हल्ली शाळूच्या जागी जिकडं-तिकडं डाळिंब झालं. पैसा झाला, मान्य. पण मालदांडीच्या भाकरीला जी चव होती तिचा हिशेब कुणी धरत नाही. हे माझं नेहमीचं रडगाणं, सोडून द्या.)

सकाळी साडेसातला पक्षाची जीप वस्तीवर आली. कार्यकर्ता खाली उतरलासुद्धा नाही, तिथनंच ओरडला, ‘बसा रं समदी.’ मामानं हातातली पेंढी खाली न ठेवता सांगितलं, ‘तुमी व्हा फुडं. चार पाती उरल्यात. दुपारी येतो आमचं आमी.’ वर आणखी एक वाक्य टाकलं, आणि ते वाक्य त्याला जन्मभर पुरलं. म्हणाला, ‘आबासायेब काय आमच्या आठ मतांनी पडत्यात व्हय?’

चार पाती संपल्या. पेंढ्या बांधल्या. आता उपटलंच आहे तर बुचाड, म्हणजे पेंढ्यांचा ढीग, लावून टाकू, म्हणाले. बुचाड लागलं. मग भाकरी खाल्ली. मग आज्जी म्हणाली, मी नवं लुगडं नेसल्याबिगर यायची नाही. आज्जीचं लुगडं ट्रंकेत तळाला. चार वाजले. मग आठही माणसं चालत निघाली, पुढं मामा, मागं आज्जी, आणि आज्जीच्या चालीनं सगळे.

गावातल्या शाळेपाशी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. पाचच्या आत फाटकात जे उभे असतील त्यांना मत देता येतं, हा नियम मामाला माहीत होता. पण फाटकात कुणीच उरलं नव्हतं. दार लोटलेलं. मामा खिडकीशी गेला. आत एक कर्मचारी मेणबत्तीवर लाख धरून बसला होता, थेंब थेंब मतपेटीच्या सुतळीवर पडत होता, आणि दुसरा त्यावर पितळी शिक्का दाबत होता. मामा म्हणायचा, ‘त्या लाखंचा वास आजूनबी नाकात हाय माज्या.’

त्या साली मतदान फेब्रुवारीत आणि मोजणी मार्चात होती. जवळजवळ महिनाभर पेट्या बंद. मामा निवांत होता. आठ मतांनी काय होतंय.

निकाल लागला त्या रात्री मी वस्तीवरच मुक्कामाला होतो. मी तेव्हा नवा मास्तर, गणित शिकवायचो. गावात मुक्कामी एसटी आली की कंडक्टर हेच आमचं वार्तापत्र. मामानं पोराला सायकलवर धाडलं होतं. पोरगं परत आलं ते अंगणात सायकल टाकूनच. हातात एसटीचं तिकीट, आणि तिकिटाच्या पाठीवर कंडक्टरनं पेनानं लिहिलेला आकडा. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले होते. फरक, १९२.

लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा तो हाच. एकशे ब्याण्णव.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. कंदिलाशी बसून तिकीट उलटं-सुलटं करत राहिला. मग मला म्हणाला, ‘मास्तर, एकशे ब्याण्णवला आठानं भाग घाल.’

मी म्हटलं, चोवीस. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. (पाढा पाठ होता म्हणून कंदिलाच्या उजेडात तोंडानं आला. आता पोरांना मोबाइल काढावा लागतो. चोवीसचा राहू द्या, बाराचा येत नाही. पण हाही विषय नव्हे.)

मामा म्हणाला, ‘म्हंजे आमच्यासारकी चोवीस घरं.’

आता मी मास्तर. चूक दिसली की राहवत नाही. मी म्हटलं, ‘मामा, चोवीस घरांनी नुसती बरोबरी होते. मग चिठ्ठी टाकतात. निवडून यायला पंचविसावं घर लागतं.’

मामानं माझ्याकडं असं बघितलं की मी ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सांगोल्याच्या बाजारात मामा गेला शेरडं घेऊन, आणि परत आला शेरडं घेऊन. विकलीच नाहीत. दिवसभर एकच काम केलं. भेटेल त्याला विचारायचं, ‘तुमची किती राहिली?’ एक म्हणाला पाच, घरात लग्न होतं. एक म्हणाला सहा, ऊसतोडीला कारखान्यावर होतो, पाल ठोकून. एक म्हणाला एकच, पर ती बायकूचं, भांडान झालतं. मामा बिडीच्या बंडलाच्या कागदावर काड्या मारत होता. पाच काड्या झाल्या की आडवी रेघ. तीन बाजार त्यानं हे केलं. तिसऱ्या रविवारी मला कागद दाखवला. बेरीज दोनशेच्या वर गेली होती.

‘मास्तर, ही समदी आली आसती तर?’

मी म्हटलं, मग आबासाहेब निवडून आले असते. आणि मग मामीनं चुलीपुढून, तोंड न वळवता विचारलं, ‘आन त्येंची न्हाईत का राहिली घरात? बापूंच्या मान्सांचा शाळू काय आपोआप निगाला व्हय?’

श्रोतेहो, निवडणुकांवर बोलणारे पुष्कळ अभ्यासक मी नंतर ऐकले. मामीच्या ह्या प्रश्नाएवढं कामाचं वाक्य फारसं कानावर पडलं नाही.

मामीनं असा हिशेब मोडून टाकला तरी गावानं मामाला ‘एकशेब्याण्णव’ म्हणायला सुरुवात केली ती केलीच. १९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकदम होती. मामानं पहाटे गाडी जुंपली, आज्जीला आदल्या रात्रीच लुगडं काढून ठेवायला लावलं, आणि शाळेचं दार उघडायच्या आधी आठही माणसं रांगेत. आबासाहेब आले. ते मंत्रीही झाले, विलासराव देशमुखांच्या सरकारात. त्याआधी १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात झाले होते. एसटीनं हिंडणारा आमदार अशी त्यांची ख्याती, आणि मंत्रिपदानंही त्यात फार फरक पडला नाही.

वेळ माझ्या अंदाजापेक्षा भरभर गेला आहे, म्हणून उरलेलं आटोपशीर सांगतो. या मतदारसंघात निवडणूक कशावर होते? पाण्यावर. दुसऱ्या कशावर झाली असं दिसलं तरी खालून पाणीच असतं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदा लावून धरल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी. टेंभू, म्हैसाळ ही नावं इथल्या प्रत्येक प्रचारसभेत निघतात. कृष्णेचं पाणी डोंगर चढवून आणायचं, हे एका निवडणुकीत होणारं काम नव्हे, आणि कदाचित म्हणूनच लोकांनी एका माणसाला इतक्या निवडणुका दिल्या. सूतगिरणीही त्यांनी उभी करून चालवली. २००८ च्या पुनर्रचनेत सांगोला तालुक्याला पंढरपूरचं भाळवणी मंडळ जोडलं गेलं आणि मतदारसंघ माढा लोकसभेत गेला. २०१४ ला आबासाहेब ८८ वर्षांचे होते. ९४,३७४ मतं पडली, शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. फरक पंचवीस हजारांचा.

२०१९ ला वयामुळं ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर पुन्हा शहाजीबापू, शिवसेनेचे. निकाल ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६. शहाजीबापू ७६८ मतांनी आले. १९९५ नंतर विधानसभेत परतायला त्यांना चोवीस वर्षं लागली. आजोबाला १९२ नं आणि नातवाला ७६८ नं पाडलं. दोन विजय मिळून ९६० मतं होतात. तीन वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, गुवाहाटीहून ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणणारे आमदार ते हेच. सबंध महाराष्ट्रानं ते वाक्य ऐकलं. त्यातली भाषा माझ्या मामाचीच आहे, आणि ती टीव्हीवर ऐकून हसणाऱ्यांचा मला थोडा रागही आला होता, हे कबूल करतो.

७६८ चा निकाल लागला तेव्हा मामानं स्वतः फोन केला. सत्तरी ओलांडलेली. आज्जी केव्हाच गेली होती, भाऊ वेगळे झाले होते, वस्तीवर आता पत्र्याची जाऊन स्लॅबची घरं. ‘आता आमची मतं तेरा हायत,’ म्हणाला, ‘पर तू भाग आठानंच घाल.’

शहाण्णव. शहाण्णव घरं.

‘आमचं घर त्यात न्हाई आवंदा,’ मामा म्हणाला. ‘तेराच्या तेरा घातली. सकाळी आठाच्या आत.’

मी म्हटलं, हो मामा.

‘तरीबी पडलं.’

हो मामा.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले. चौऱ्याण्णव वर्षांचे होते. २०२४ ची निवडणूक तिरंगी झाली. दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून, शहाजीबापू पाटील शिवसेनेकडून, आणि दीपकआबा साळुंखे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून. बाबासाहेबांना १,१६,२५६ मतं पडली, शहाजीबापूंना ९०,८७०. फरक २५,३८६.

संध्याकाळी फोन वाजला. मला वाटलं पेढे म्हणेल. मामानं आकडा सावकाश वाचून दाखवला आणि विचारलं, ‘जातो का भाग?’

मी कागद घेतला. एवढा मोठा तोंडी होत नाही आता माझ्यानंही.

‘नाही जात, मामा. दोन उरतात.’

‘उरू देत,’ मामा म्हणाला, आणि मामीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. फोन ठेवायचा विसरला होता, म्हणून मला ऐकू आलं.

नमस्कार.