गोठलेल्या जमिनीवरची दुडकी : लॅम्बोर्न, १९६३

मुंबई-पुण्याच्या रेसप्रेमींसाठी हिवाळा म्हणजे महालक्ष्मीचा ऐन हंगाम. पावसाळा पुण्यात काढून घोडे मुंबईला येतात आणि त्या कोरड्या, सुखद हवेत खुलतात. इंग्लंडमध्येही हिवाळ्यात शर्यती होतात, परंतु त्या मुख्यतः अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या घोड्यांच्या असतात आणि त्यांना पावसाने मऊ झालेली जमीन लागते. १९६२ च्या डिसेंबरअखेरीस हीच जमीन दगडासारखी झाली आणि मार्च उजाडेपर्यंत तशीच राहिली.

नाताळाच्या सुमारास बर्फ पडू लागला. २९ आणि ३० डिसेंबरच्या हिमवादळाने नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये काही ठिकाणी सहा-सहा मीटर उंचीचे ढीग रचले. जानेवारी १९६३ चे मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान उणे २.१ अंश सेल्सिअस भरले. विसाव्या शतकात तिथे याहून थंड महिना झाला नाही. ठरलेल्या शर्यतींच्या बैठकांपैकी, म्हणजे एका मैदानावरच्या शर्यतींच्या कार्यक्रमांपैकी, नव्वदहून अधिक रद्द झाल्या.

बर्कशायरमधील लॅम्बोर्न हे गाव तबेल्यांवर जगते. गावाभोवतीच्या खडूच्या टेकड्यांवर गवताचा पातळ थर असतो आणि पिढ्यान् पिढ्या घोडे त्यावरच भरधाव सोडले जातात. तो थर गोठला तेव्हा प्रशिक्षकांपुढे विचित्र पेच उभा राहिला. टणक जमिनीवर घोडा पळवला, तर पायाच्या कंडरा आणि हाडे दुखावणार. ठाणबंद ठेवला, तर महिनोन् महिने कमावलेला दम जाणार. बर्फ कधी वितळेल हे कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे घोड्यांना सरळ सुट्टी देऊन टाकणेही परवडणारे नव्हते.

यावरचा उपाय पागेतूनच निघाला. तबेल्यातला लिदीने भिजलेला पेंढा रोज बाहेर काढून मोकळ्या जागेत त्याचे मोठे वर्तुळ अंथरायचे. कोरडा, स्वच्छ पेंढा वाऱ्याने उडतो आणि टापेखाली सरकतो; लिदीचा पेंढा मात्र दबून घट्ट बसतो आणि कुजताना थोडी ऊबही धरतो. या वर्तुळावर घोडे एकामागे एक दुडक्या चालीने फिरत राहायचे. मधूनमधून दिशा बदलावी लागे, नाहीतर सततच्या वळणाचा ताण एकाच बाजूच्या पायांवर आला असता. स्वारासाठी याहून कंटाळवाणे काम शोधून सापडणार नाही, पण घोड्यांचे स्नायू टिकले ते याच चकरांमुळे. वर्तुळापर्यंत पोहोचतानाही जपावे लागे. नालेच्या आत बर्फ साचून त्याचा कठीण गोळा होतो आणि घोडा जणू खडावांवर चालू लागतो. म्हणून बाहेर पडण्याआधी तळव्याला चरबी चोपडत.

खरी परीक्षा खुराकाची होती, असे मला वाटते. शर्यतीचा घोडा ओट्सवर पोसलेला असतो. काम कमी झाले आणि ओट्स तसेच चालू राहिले, तर पुन्हा मेहनतीला लागताच त्याच्या मागच्या भागाचे स्नायू आखडतात, त्याला दरदरून घाम फुटतो आणि लघवी गडद होते. पूर्वी रविवारी पूर्ण खुराक खाऊन उभ्या राहिलेल्या कामाच्या घोड्यांना सोमवारी हेच दुखणे गाठत असे. त्यामुळे ओट्स कमी करून वाळलेले गवत वाढवणे भाग होते. गवताचा दुहेरी फायदा असतो, कारण ते मोठ्या आतड्यात आंबताना उष्णता निर्माण होते. एरवी घोडा थंडीला डगमगत नाही, परंतु शर्यतीच्या घोड्याचे हिवाळी केस कातरलेले असतात. त्याला झुलीची आणि या आतल्या उबेची गरज लागते. त्यातच बर्फगार पाणी घोडे कमी पितात आणि कोरड्या वैरणीबरोबर पाणी कमी पडले की पोटशूळ उठतो. म्हणून बादल्यांवरचा बर्फ पुन्हा पुन्हा फोडावा लागे.

समुद्रकिनाऱ्याची वाळू हा दुसरा आसरा होता. खारे पाणी सहजी गोठत नाही आणि भरती-ओहोटीने वाळू मऊ राहते. मात्र लॅम्बोर्नपासून समुद्र दूर होता, आणि त्या वर्षी केंटमधील हर्न बे येथे तर किनाऱ्यालगतचा समुद्रच गोठला होता.

६ मार्चची सकाळ ही त्या वर्षातली ब्रिटनभर कुठेही दहिवर न गोठलेली पहिली सकाळ ठरली. पुढच्याच आठवड्यात चेल्टनहॅमच्या मैदानावर अडथळ्यांच्या शर्यतींचा महोत्सव होता. तिथला गोल्ड कप प्रशिक्षक फल्क वॉल्विन यांच्या लॅम्बोर्नमधल्या तबेल्यातील मिल हाउस या घोड्याने जिंकला, तेही अवघ्या सहा वर्षांच्या वयात. महिनाअखेरीस ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत मारली ती ६६ ला १ भाव असलेल्या, म्हणजे जिंकण्याची फारशी आशा नसलेल्या, आयालाने. त्याचे प्रशिक्षक कीथ पिगट हेही लॅम्बोर्नचेच.

१९८९ मध्ये इंग्लंडमधल्या लिंगफील्डच्या मैदानावर कृत्रिम पृष्ठभागावरच्या शर्यती सुरू झाल्या आणि अडथळ्यांविना सपाट धावणाऱ्या घोड्यांची हिवाळ्याची चिंता बरीच मिटली. अडथळ्यांच्या शर्यतीही तिथे घेऊन पाहिल्या, पण घोडे पडून दगावू लागल्याने त्या बंद कराव्या लागल्या. त्यामुळे उडीचा घोडा सरावाला कृत्रिम पट्ट्यावर धावला, तरी शर्यतीला त्याला आजही गवतच लागते, आणि कडाक्याचे दव गोठले की चेल्टनहॅमसारख्या मैदानावरही पहाटे जमिनीत काठी खुपसून शर्यत घ्यायची की नाही याचा निर्णय घेतला जातो.