पाच गळे, एक पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. 1962 साली तिथल्या पाच तरुणांचा एक गायनसंच जमला, ‘द पर्सुएशन्स’. बास्केटबॉलचा खेळ आटोपला की मैदानाच्या कडेला, घरांच्या पायऱ्यांवर, भुयारी रेल्वेच्या स्थानकात त्यांचं गाणं चालायचं. जेरी लॉसन मुख्य गायक, जिमी हेज खर्जाला, जेयोटिस वॉशिंग्टन आणि जो रसेल वरच्या सुरांना, हर्बर्ट र्‍होड मधल्या सुराला. साथीला एकही वाद्य नाही. न्यू जर्सीतल्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं त्यांचं ध्वनिमुद्रण संगीतकार फ्रँक झापा यांना टेलिफोनवरून ऐकवलं आणि 1970 मध्ये झापा यांच्या कंपनीनं त्यांची पहिली एलपी काढली. लॉसन 2003 पर्यंत, म्हणजे 40 वर्षांहून जास्त काळ, या संचात गात होते.

ते ज्या परंपरेतले, ती म्हणजे एकानं चाल गायची आणि बाकीच्यांनी निरर्थक बोलांवर सुरांची साथ द्यायची. तिला डू-वॉप म्हणतात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेतल्या शहरांच्या नाक्यानाक्यांवर वाढली. पण स्टुडिओत गेल्यावर बहुतेक संचांच्या मागे गिटार, पियानो, ड्रम लावले जायचे. पर्सुएशन्सनी गळ्यांवरच भिस्त ठेवली, म्हणून आज त्यांचं गाणं उलगडून पाहायचं. वाद्य नसताना पट्टी कोण धरतं, ताल कोण राखतं आणि हे सगळं बिघडतं कुठे, ते नीट ऐकू येतं ते अशाच संचात.

डू-वॉपच्या असंख्य गाण्यांत चार स्वरसमूहांचं, म्हणजे एकाच वेळी गायलेल्या स्वरांच्या चार जुळण्यांचं, एक चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. आपल्या सरगममध्ये ते सहज सांगता येतं, कारण त्यात एकही विकृत, म्हणजे कोमल किंवा तीव्र, स्वर नाही. पट्टी पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्य सी, धरा. खर्जाचा गायक म्हणतो: मध्य षड्ज, मग मंद्र धैवत, मंद्र मध्यम, मंद्र पंचम. त्याच्या वरचा, बॅरिटोन म्हणजे मधला पुरुषी आवाज, म्हणतो: प, ध, ध, प. टेनर म्हणजे उंच पुरुषी आवाज. बॅरिटोनच्या वरचा दुसरा टेनर तार षड्जावर तीनदा थांबतो आणि चौथ्या वेळी निषादावर उतरतो: सा, सा, सा, नी. सगळ्यात वरचा पहिला टेनर: ग, ग, म, म, तोही तार सप्तकात. चक्र पुन्हा सुरू होताना निषाद षड्जावर चढतो, मध्यम गांधारावर उतरतो आणि पंचम जागचा हलत नाही. पाचवा गायक या चौघांवर चाल गातो.

बघा, वरच्या तिघांपैकी कुणालाही एका स्वरापेक्षा लांब जावं लागत नाही. उडी फक्त खर्जवाला मारतो. सुरांची मांडणी अशी जवळजवळची असते म्हणूनच कागदावर एकही स्वर न लिहिता नाक्यावरची पोरं ती कानानं बसवू शकत होती. नवा संच बसवताना आधी खर्ज आणि चाल अशी दोघांचीच जोडी पक्की करावी. त्यानंतर पहिला टेनर, मग दुसरा, आणि बॅरिटोन शेवटी. बॅरिटोनचं काम सगळ्यात अवघड असं आमचं मत आहे. त्याच्या ओळीला स्वतःची चाल नसते, तो चुकला तर श्रोत्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, फक्त गाणं पोकळ वाटतं.

आता सुरेलपणाबद्दल. तानपुरा नीट जुळला की न छेडता जो गांधार ऐकू येतो, तो स्वयंभू गांधार आपल्या गवयांना चांगला ठाऊक आहे. पेटीचा गांधार त्याच्यापेक्षा चढा असतो. अर्धस्वराचे 100 भाग केले तर साधारण 14 भागांनी. वाद्याविना गाणाऱ्यांना तो स्वयंभू गांधार मिळू शकतो, आणि तो लागला की चार गळ्यांतून पाचवाच आवाज निघाल्यासारखं वाटतं. पेटीवर घोकून तालीम केली तर गांधार चढाच राहतो. पेटीवरून फक्त षड्ज घ्यावा आणि पेटी मिटून ठेवावी.

पण याच शुद्धतेत एक सापळा आहे. कित्येक गाण्यांत तिसऱ्या जागी मध्यमाच्या समूहाऐवजी ऋषभाचा येतो: रे, म, ध. गायक आधीच्या समूहातला धैवत शुद्ध धरतात, त्याच्याशी ऋषभ शुद्ध जुळवतात, ऋषभाशी पंचम, पंचमाशी पुन्हा षड्ज. प्रत्येक पाऊल बिनचूक असतं, तरी चक्र संपताना षड्ज सुमारे 22 भागांनी खाली आलेला असतो. शुद्ध अंतरं एकापुढे एक जोडत गेलं की मूळ स्वराशी 81 ला 80 इतका फरक उरतो. हे गणित आहे, गायकाच्या गळ्याचा दोष नाही. अशी पाच चक्रं झाली की काळी एकवर सुरू केलेलं गाणं अर्धस्वर उतरून पांढरी एकवर येऊन थांबतं. इलाज एकच: कुणीतरी मूळ षड्ज मनात घट्ट धरायचा आणि पंचम त्या षड्जावरून घ्यायचा, शेजारच्या ऋषभावरून नाही. हे काम खर्जवाल्याचं.

पट्टी उतरण्याची साधी कारणंही असतात. तोच स्वर तीनदा म्हणताना दुसरा टेनर प्रत्येक वेळी किंचित खाली येतो, आणि त्यापुढचा निषाद हवा त्याहून खाली लागतो. चौघांनी एकदम श्वास घेतला की सगळा डोलारा क्षणभर कोसळतो आणि पुन्हा उभा राहताना खाली बसतो. म्हणून श्वास आळीपाळीनं, ओळीच्या मध्येच, अक्षर न तोडता घ्यायचा.

अक्षरांचंही तसंच. ‘डू’, ‘बॉम’, ‘शा’, ‘वा’ हे बोल अर्थासाठी नसतात, वाद्यांच्या जागी येतात. ‘ब’ आणि ‘ड’ आघात देतात, म्हणून ते खर्जाकडे. ‘ऊ’ आवाज मागे ठेवतो, म्हणून चालीखाली ‘ऊ’. ‘आ’ पुढे येतो, तो चाल थांबते तिथे भरायला. तिघांच्या ओठांचा आकार एकसारखा नसेल तर स्वर बरोबर असूनही सूर एकजीव होत नाही. तालमीत समोरासमोर उभं राहून एकमेकांचे ओठ बघायचे ते याचसाठी. वरच्या तिघांनी आवाजात कंप आणायचा नाही. कंप हवा तर तो मुख्य गायकाला.

लय संथ असते, मिनिटाला 60 ते 75 मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे. चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर टाळी देणाऱ्या आपल्या हाताला हे सुरुवातीला जड जातं. चुटकी पहिल्या मात्रेवर सरकली की लय धावायला लागते.

जिना, फरशी लावलेला बोळ, भुयारी स्थानक या जागा त्या पोरांनी निवडल्या, कारण तिथला प्रतिध्वनी श्वासाच्या फटी बुजवतो आणि प्रत्येकाला बाकीच्यांचा आवाज परत ऐकवतो. मोकळ्या मैदानात हे मिळत नाही. तिथे अर्धवर्तुळात, खांद्याला खांदा लावून, खर्जवाल्याला मधोमध घेऊन उभं राहावं.

आपण हे रेडिओवर ऐकताय, तेव्हा आणखी एक गोष्ट. पांढरी एकमधला मंद्र मध्यम सुमारे 87 हर्ट्‌झचा असतो. लहान सेटचा स्पीकर तो जेमतेमच देतो. त्याचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप निघणारे दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर, 174 आणि 261, तेवढे पोचतात आणि आपला कान त्यांवरून खालचा स्वर बांधून घेतो. जिमी हेज यांचा आवाज खरा ऐकायचा असेल तर मोठा स्पीकर किंवा चांगला हेडफोन लावा.

1988 मध्ये हर्बर्ट र्‍होड वारले. मधला गळा गेला की उरलेल्यांना त्याच ओळी तशाच गाऊन चालत नाही. चौघांत गायचं तर समूहातला एखादा स्वर सोडावा लागतो, आणि सोडायचा तो पंचम. खर्जाच्या षड्जात त्याचा उपस्वर आधीच असतो, त्यामुळे कानाला तो भासतो. गांधार मात्र सोडू नये. तो गेला की समूह मेजर की मायनर, म्हणजे गांधार शुद्ध की कोमल, हेच कळेनासं होतं.

आपल्या गल्लीत, कॉलेजात कुणाला हे करून पाहायचं असेल, तर पट्टी खर्जवाल्यावरून ठरवा. त्याचा सगळ्यात खालचा स्वच्छ स्वर मंद्र मध्यम माना आणि षड्ज तिथून मोजा. मुख्य गायकाला तो उंच पडत असेल तर गाणं बदला, पट्टी नको. पहिल्या आठवड्यात शब्द नकोत, चारही ओळी नुसत्या ‘ऊ’वर गा. सुरू करताना षड्ज फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दहा चक्रांनंतर परत लावून पाहा. पट्टी उतरली असेल तर खर्ज आणि दुसरा टेनर या दोघांनाच वेगळं बसवून सा, सा, सा, नी पुन्हा घोटा.