काकूंचा रॉड आणि अर्धा ओहम

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या थंडीतली गोष्ट. शेजारच्या काकू पाणी तापवायचा रॉड घेऊन दारात उभ्या. "अरे, हा बाद झालाय बघ. संध्याकाळी एक बादली तापायला पाऊण तास घेतो. नवा आणू का?" मी म्हटलं, "काकू, घाई नको. आधी दोन आकडे बघू."

दोन आकडे म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर. शाळेच्या पुस्तकात त्यांना विभवांतर आणि विद्युतधारा म्हणतात, बोलताना आपण दाब आणि करंट म्हणू. टाकी आणि नळाचं उदाहरण तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, ते आज सोडून देऊ. कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

काकूंकडे गेलो तेव्हा दुपार होती. रॉड बादलीत सोडला, बटण दाबलं. व्होल्ट भरले 210. अँपिअर मोजायला आम्ही चिमट्यासारखा टाँग टेस्टर वापरतो, वायर तोडावी लागत नाही. पण तो एकाच वायरीभोवती लावायचा. नवशिका असताना मी तो अख्ख्या केबलभोवती लावला होता. काटा शून्यावरून हलेना, आणि मी मीटरला शिव्या देत बसलो! जाणारा करंट आणि येणारा करंट सारखाच, दिशा उलट्या, म्हणून एकाने दुसऱ्याला खोडलं होतं. असो. काकूंच्या रॉडला भरले बरोबर 6 अँपिअर.

आता भागाकार. 210 भागिले 6, म्हणजे 35. हा रॉडचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 35 ओहम. आणि गुणाकार. 210 गुणिले 6, म्हणजे 1260 वॉट, ही रॉडची शक्ती. रॉडवर छापलंय 1500. "बघ, कमीच देतोय ना?" काकू म्हणाल्या. पण ते 1500 वॉट 230 व्होल्टला आहेत. 230 ला 35 ने भागा, साडेसहा अँपिअरच्या किंचित वर येतात. त्याला पुन्हा 230 ने गुणा. 1511 वॉट. रॉड ठणठणीत होता.

मग संध्याकाळी काय होतं? सातच्या सुमाराला पुन्हा मीटर लावला. 180 व्होल्ट! रॉडचा रोध तोच, 35. म्हणजे करंट 5.14 अँपिअर आणि शक्ती साधारण 926 वॉट. इथे सगळे फसतात. 230 च्या मानानं व्होल्ट घटले जेमतेम 22 टक्के, वॉट मात्र 39 टक्के पडले. कारण दाब उतरला की त्याच्यासोबत करंटही उतरतो, मार दोन्हीकडून बसतो. 20 लिटरची बादली, पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायचं, तर पूर्ण दाबाला, म्हणजे 230 व्होल्टला, 23 मिनिटं लागतात, 180 व्होल्टला जवळपास 38. त्यातच बादली उघडी असली, तर काकूंची पाऊण तासाची तक्रार खरीच.

काकूंचा पुढचा प्रश्न बिलाचा. एक युनिट म्हणजे 1000 वॉट एक तासभर. दोन्ही वेळेला हिशेब 0.58 युनिटच येतो. जास्त वेळ लागल्यानं उष्णता थोडी बाहेर जाते, तेवढाच काय तो फरक.

व्होल्ट भागिले अँपिअर हा साधा भागाकार पहिल्यांदा पक्का केला तो गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानं. कोलोनच्या शाळेत शिकवायचा, बाप कुलपं बनवणारा. त्याची अडचण काकूंचीच होती, दाब स्थिर राहत नव्हता. त्या काळचे विद्युतघट चालता चालता उतरायचे. मग त्यानं तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानाच्या या फरकातून मिळणारा दाब अगदी क्षीण, पण ढळत नाही. मग हिशेब जुळला. 1827 साली पुस्तक निघालं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीनं विज्ञानातलं मानाचं कोप्ली पदक दिलं ते 1841 मध्ये.

एक सावधगिरी. हा हिशेब रॉड, इस्त्री, शेगडी यांना चोख लागतो. पंखा किंवा पाण्याची मोटार असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, असं धरू नका. आणि जुना पिवळा बल्ब थंड असताना मोजाल तर चकाल. 100 वॉटच्या बल्बचा रोध पेटल्यावर 529 ओहम असतो, विझलेला असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आता काकूंच्या घरातली खरी चूक सांगतो. निघता निघता प्लगला हात लागला आणि चटकाच बसला. एक पिन तपकिरी झालेली, सॉकेट ढिलं, आणि तेही जेमतेम 6 अँपिअर झेपणारं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड उघडला. सॉकेटच्या स्क्रूपासून प्लगमधल्या वायरीच्या स्क्रूपर्यंत, रॉड चालू ठेवून मोजलं. हे तुम्ही घरी करू नका, हातात सराव लागतो. मीटरनं 3 व्होल्ट दाखवले. खरं तर तिथे शून्याच्या आसपास असायला हवं. 3 भागिले 6, अर्धा ओहम. 3 गुणिले 6, 18 वॉट. वाटतं, 18 वॉट म्हणजे काय? पण माझ्याकडची छोटी सोल्डरिंगची कांडी 25 वॉटची आहे, ती कथील वितळवते. त्याच्या जवळपासची उष्णता काकूंच्या प्लगमध्ये, रोज, लाकडी बोर्डाला चिकटून.

16 अँपिअरचं सॉकेट बसवलं, नवा प्लग लावला, मागची वायरही जाड घातली. त्याच जागी मीटर 0.1 वर आला.

रॉड अजून तोच आहे. काकू आता बादली सातऐवजी दुपारी चारलाच लावतात आणि वर झाकण ठेवतात.

नमस्कार.