लॉग कोण वाचतं?

अध्यक्षांनी माझी ओळख ‘हॅकर पकडणारे’ अशी करून दिली. ते शब्द कामकाजातून काढून टाकावेत. मी लॉग वाचतो. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कुठून लॉगिन झालं, याच्या ओळींमागून ओळी. काळी टोपी, अंधारी खोली, पडद्यावर धो धो पडणारी हिरवी अक्षरं, यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. आलं असतं तर घरात जरा वजन वाढलं असतं.

सरकारी यंत्रणेवर हल्ला झाला की तो कोणी केला हे कसं ठरवतात, हा आजचा विषय. तिकडे येतोच. आधी क्लिफर्ड स्टॉल. ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे त्यांनी माना डोलवाव्यात, मला धीर येतो.

1986 साल. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. स्टॉल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. अनुदान संपलं म्हणून त्याला संगणक विभागात बसवलं आणि नव्या माणसाला देतात तसलं काम दिलं: संगणक वापराच्या हिशेबात 75 सेंटांचा फरक येतोय, तो शोध. आपण काय केलं असतं? खिशातून भरले असते आणि विषय मिटवला असता. हा खोदत बसला. तेव्हा एक असं खातं सापडलं, ज्याचं बिल कोणाला पाठवायचं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

ते खातं वापरणारा पाहुणा कोणीतरी बाहेरचा होता आणि प्रयोगशाळेतून पुढे अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरत होता. स्टॉलने सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या लाइनींना जोडले. पाहुणा टाइप करील ते सगळं कागदावर! प्रिंटर संगणकाच्या बाहेर, त्यामुळे त्याला पत्ता नाही, आणि पुसायचीही सोय नाही. शिवाय स्वतःची नोंदवही, कारण लिहून न ठेवलेलं निरीक्षण खगोलशास्त्रज्ञाच्या लेखी झालेलंच नसतं. पाहुणा काही नाजूक फाइल उतरवून घ्यायला लागला की हा पठ्ठ्या किल्ल्यांचा जुडगा तारांवर घासायचा. पलीकडच्याला वाटायचं, लाइनच खराब आहे. (हसू नका, याहून स्वस्त उपाय मला अजून कोणी दाखवलेला नाही.)

75 सेंटांसाठी एफबीआयला वेळ नव्हता. माग जर्मनीपर्यंत गेला आणि तिथल्या जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजपाशी अडला. फोन कुठून आला हे बघायला माणसाने स्वतः जाऊन स्विच तपासायचे, त्याला वेळ लागायचा आणि पाहुणा तेवढा थांबायचा नाही. मग संरक्षण प्रकल्पाच्या भासणाऱ्या खोट्या फाइली रचल्या, लांबलचक. तो वाचत बसला, तेवढ्यात हॅनोव्हरचा पत्ता निघाला. मार्कुस हेस. माल सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, केजीबीला, विकला जात होता. 1990 मध्ये शिक्षा झाली, तीही निलंबित.

यात अचाट बुद्धी कुठे आहे? हिशेब आणि नोंद. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कोणाला पटत नाही याचा मला राग आहे. एका कार्यालयात (नाव विचारू नका) हल्ल्यानंतर आम्ही लॉग मागितले. उत्तर आलं, ‘सर, डिस्क भरत होती, म्हणून आम्ही दर आठवड्याला साफ करतो.’ सांगताना चेहऱ्यावर अभिमान! जे उरलं होतं त्यात फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं, घड्याळ मेल सर्व्हरच्या पुढे धावत होतं, म्हणजे चोर दार उघडण्याआधीच आत बसलेला. बरं, लॉग त्याच मशीनवर, म्हणजे घुसणाऱ्याने हवे तेवढे पुसलेले. सर्ट-इनने, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 2022 मध्ये 180 दिवसांचे लॉग ठेवा, घड्याळं जुळवा असा आदेश काढला, तो उगाच नाही.

2023 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या मेलमध्ये चोरलेल्या सायनिंग कीच्या (लॉगिन खरं असल्याचा शिक्का मारणाऱ्या डिजिटल किल्लीच्या) जोरावर कोणी शिरलं, ते पकडलं त्या खात्याच्याच माणसांनी. कारण मायक्रोसॉफ्टच्या महागड्या योजनेतले जास्तीचे लॉग त्यांनी घेतले होते आणि त्यांवर स्वतःचा इशारा लावून ठेवला होता. बोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते लॉग साध्या योजनेतही दिले.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळत पळत.

आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकाच्या क्रमांकावरून, देश ठरत नाही. सर्व्हर भाड्याचे किंवा दुसऱ्याचे बळकावलेले असतात. बघायचं ते सवयींकडे. तेच सर्व्हर पुन्हा वापरले का, कोडचा तोच तुकडा दिसतो का, काम कोणत्या वेळपट्टीत चालतं, सुट्ट्या कधीच्या. 2015 मध्ये उघड झालेल्या अमेरिकी कर्मचारी विभागाच्या चोरीत सव्वादोन कोटींच्या आसपास लोकांची माहिती गेली. त्यात वापरलेलं एक डोमेन, म्हणजे वेबपत्ता, ‘स्टीव्ह रॉजर्स’ या नावावर होतं, म्हणजे कॉमिक्समधला कॅप्टन अमेरिका! अशी हौस उपयोगी पडते.

पण सवयींची नक्कलही करता येते. 2018 च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकवरच्या सायबर हल्ल्यात मालवेअरमध्ये, म्हणजे घातक प्रोग्रॅममध्ये, उत्तर कोरियाच्या गटाची खूण मुद्दाम पेरली होती; 2020 मध्ये अमेरिकेने आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर. म्हणून आम्ही ‘हात तोच दिसतो’ इथवर जातो. देशाचं नाव गुप्तचर यंत्रणा पुरवतात, आणि ते जाहीर कधी करायचं हे सरकार ठरवतं. जर्मन संसदेच्या संगणकांवरचा हल्ला 2015 चा, अटक वॉरंट 2020 चं.

आता प्रश्न विचारा. ‘माझा मोबाइल हॅक झालाय का’ हा सोडून कोणताही.