व्हर्मीरची कॉपी करून पोर्ट्रेट शिकताना

पोर्ट्रेट शिकायचं म्हटलं की सगळे आधी डोळ्यांवर तुटून पडतात, पापण्या झाल्या, बुबुळं झाली, आणि चेहरा काही बसत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की मॉडेल समोर बसवण्याआधी एखादं जुनं चित्र पहिल्या थरापासून शेवटपर्यंत कॉपी करा. मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग' सुचवतो. साधारण १६६५ चं चित्र, नेदरलँड्समधल्या द हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, साइज फक्त ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे तुम्ही त्याच मापात करू शकता. (पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये बसून कॉपी करणाऱ्यांना मूळ साइज वापरायला बंदी आहे, पण आपण घरी प्रिंटवरून करतोय.)

आता क्रम बघा, कारण खरं शिक्षण तिथेच आहे. २०१८ मध्ये म्युझियमने हे चित्र तपासलं तेव्हा कळलं की व्हर्मीरने आधी ब्राऊन आणि काळ्या रंगात ढोबळ अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, केलं, मग मागून पुढे येत गेला, बॅकग्राउंड, चेहरा, मग पिवळं जॅकेट, पांढरी कॉलर, डोक्याचं कापड आणि शेवटी मोती. तुम्हीही तसंच करा. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त उजेड आणि सावली मांडा, डोळे मिटल्यासारखे बारीक करून बघा, डिटेल दिसता कामा नये. हे नीट वाळू द्या. वरच्या थरांत लिनसीड ऑइल (जवसाचं तेल) वाढवत न्यायचं, उलटं केलंत तर खालचा तेलकट थर मागाहून वाळत राहतो आणि वरचा तडकतो.

आणि बॅकग्राउंडला ट्यूबमधला काळा थापू नका हं! तिथे मुळात हिरवा पडदा होता, काळ्या थरावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, ते साडेतीनशे वर्षांत उडालं. गडद थरावर हिरवं पारदर्शक ग्लेझ देऊन बघा, चेहरा कसा पुढे येतो ते.

चेहऱ्यात एक जागा मला फार आवडते. नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच नाही, दोन्हीकडे जवळजवळ एकच टोन, तरी आपल्याला नाक दिसतं! विद्यार्थी तिथे हमखास रेघ ओढतात. तो हात आवरायचा, एज, म्हणजे कड, मऊ कोरड्या ब्रशने हरवून टाकायची, आणि मग आपोआप लक्षात येतं की नाक दिसतं ते खालच्या सावलीमुळे आणि शेंड्यावरच्या उजेडामुळे. मोत्याचंही तेच, त्याला अडकवायला हुकसुद्धा रंगवलेला नाही, वर एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं मंद रिफ्लेक्शन, बस्स.

रंग मात्र बदलावे लागतात. त्याचा पांढरा शिशाचा आणि लाल पाऱ्याचा, दोन्ही विषारी, म्हणून आपण टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रेड घेऊ, कॅडमियमही जपूनच वापरायचा. पण टायटॅनियम फार झाकतो, त्यामुळे स्किनटोनमध्ये थोडा थोडाच घाला. निळ्यासाठी व्हर्मीर अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड वापरत असे, आपल्याला ट्यूबमधला अल्ट्रामरीन चालतो.

झाल्यावर मागे 'व्हर्मीरवरून' असं लिहून तारीख टाका आणि आठवडाभरात, हात गरम असतानाच, घरातल्या कुणालातरी डावीकडच्या खिडकीच्या उजेडात बसवून त्याच पॅलेटने सुरू करा.