पाणी नसलेला धबधबा आणि एका रात्रीत येणारे पूर

हा कडा बघा. उंची जवळजवळ १२० मीटर, रुंदी साडेपाच किलोमीटर. नायगाराच्या दुपटीहून उंच भरेल. याचं नाव ड्राय फॉल्स, आणि आपण आहोत अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. धबधब्याला जे जे लागतं ते सगळं इथे आहे, कडा आहे, कड्याखाली पाण्याने खोदलेले डोह आहेत, त्या डोहांत आजही पाणी साठलेलं आहे. फक्त वरून काहीच पडत नाही. वर चढून गेलात तर नदीही नाही, लांबपर्यंत खुरटी झुडपं आणि काळा कातळ, पाऊस इथे जेमतेमच पडतो.

मग हा कडा कोरला कुणी?

हा प्रश्न ज्यांच्या डोक्यातून काही केल्या जाईना ते जे हार्लन ब्रेट्झ. आधी सिएटलमध्ये हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचे, नंतर शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन हा सगळा भाग पायी तुडवायचे. त्यांना दिसलं असं की दऱ्या आहेत पण दरीच्या मापाची नदी नाही, टेकड्यांवरची सुपीक माती काही पट्ट्यांतच खरवडून गेलीये आणि खालचा बसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड, उघडा पडलाय, आणि हे पट्टे एकमेकांत मिसळत, फुटत, परत मिसळत शेकडो किलोमीटर गेलेत. १९२३ मध्ये त्यांनी लिहून टाकलं की हे काम एका प्रचंड महापुराचं आहे आणि ते फार थोड्या वेळात झालंय.

आता त्या काळचा विचार करा. जमीन हळूहळूच घडते, लाखो वर्षं थेंब थेंब पाणी वाहतं तेव्हा कुठे दरी होते, हे भूगर्भशास्त्राने मोठ्या कष्टाने मिळवलेलं ज्ञान होतं, कारण त्याआधी लोक प्रत्येक गोष्ट बायबलमधल्या प्रलयावर ढकलायचे. आणि हे गृहस्थ परत प्रलयच घेऊन आले! जानेवारी १९२७ मध्ये वॉशिंग्टन डीसीला सभा भरली, मोठमोठे तज्ज्ञ एकामागून एक उठले आणि त्यांनी ब्रेट्झचं म्हणणं खोडून काढलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी ही जमीन डोळ्यांनी बघितलेलीच नव्हती, हे मला फार लागतं. पण त्यांचा एक प्रश्न मात्र रास्त होता, एवढं पाणी आलं कुठून? याचं पक्कं उत्तर ब्रेट्झकडे तेव्हा नव्हतं.

उत्तर होतं पूर्वेला, मोंटाना राज्यात. मिझूला शहराला लागून जे डोंगर आहेत ना, त्यांच्या उतारावर एकावर एक आडव्या रेघा दिसतात, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर अगदी ठळक. या रेघा म्हणजे एका जुन्या तळ्याच्या काठाच्या खुणा आहेत. जोसेफ पार्डी नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९१० मध्येच या हिमयुगातल्या तळ्याबद्दल लिहिलं होतं. पुढे १९४० मध्ये त्यांनी कॅमस प्रेरी या भागातले उंचवटे मांडले. जमिनीवर उभं राहिलं तर या साध्या बुटक्या टेकड्या वाटतात, विमानातून बघितलं की कळतं की वाळूत उमटतात तशाच या लाटा आहेत, पण गोट्यांच्या, आणि काही दहा मीटरपर्यंत उंच. संथ तळ्याच्या तळाशी असलं काही होत नाही. म्हणजे तळं झिरपत झिरपत आटलं नव्हतं, ते एकदम रिकामं झालं होतं.

झालं असं की उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या एका जिभेने क्लार्क फोर्क नदीचं तोंड बंद केलं. बर्फाचं धरणच ते, सहाशे मीटरच्या आसपास उंच. मागे पाणी चढत गेलं, चढत गेलं, दोन हजार घनकिलोमीटरच्या वर साठलं. आपलं उजनी धरण काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी होतं, तर अशी सहाशे उजनी एका जागी. पण बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. पाणी बर्फाच्या उंचीच्या नऊ-दशांशाच्या जवळ गेलं की बर्फ तरंगायला बघतो, खालून पाणी वाट काढतं, बोगदे पडतात, ते रुंदावतात आणि मग काही उरत नाही. दोन-तीन दिवसांत तळं रिकामं. आजच्या जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहापट पाणी त्या तासांमध्ये वाहत होतं, काही ठिकाणी ताशी शंभर किलोमीटरने.

आणि ते पडलं बसॉल्टवर. हा दगड आपल्याला नवा नाही, आपलं दख्खनचं पठार याचंच. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलला जे सरळसोट खांब दिसतात तसेच खांब इथल्या बसॉल्टमध्येही आहेत, लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांमुळे झालेले. पुराने दगड फक्त झिजवला नाही, भेगेत घुसून हे खांबच्या खांब उपटून नेले. पाण्यात तयार झालेल्या भोवऱ्यांनी तळ खणला. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे बघितले असतील तर तिथे गोटे गोल फिरून फिरून कातळ घासला जातो, वर्षानुवर्षं. इथले खड्डे इतके मोठे की एकेकात आख्खं तळं मावलंय. दगड तोच, पाण्याची चाल वेगळी.

हे फक्त हिमयुगातलं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमला दक्षिण ल्होनाक तळ्यात काठचा हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, रात्री कोसळला, लाट उठली, बांध फुटला आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. माणसं गेली, गावं गेली आणि तीस्तेचं पात्र कितीतरी ठिकाणी गाळाने भरून वर आलं. तिथल्या नदीचा नकाशा एका रात्रीत बदलला.

ब्रेट्झचं काय झालं? पार्डींचे पुरावे आले, विमानातून काढलेले फोटो आले, पुढे एकेक करत तज्ज्ञ स्वतः जागेवर गेले आणि मान्य करत गेले. १९७९ मध्ये त्यांना पेनरोज मेडल मिळालं, भूगर्भशास्त्रातला मोठा मान, तेव्हा त्यांचं वय पंचाण्णवच्या पुढे होतं.

पण एक गोष्ट शिल्लक होती. दक्षिणेला वाला वालाच्या खोऱ्यात बर्लिंगेम कॅन्यन नावाची घळ आहे. १९२६ मध्ये कालव्याचं पाणी तिथल्या एका चरात वळवलं आणि सहा दिवसांत चराची ही खोल घळ झाली. त्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसतात, खाली जाड रेती, वर बारीक गाळ, परत रेती, परत गाळ. पुराचं पाणी पुढे अरुंद वाटेत तुंबायचं, उलटं या खोऱ्यात शिरायचं आणि गाळ टाकून जायचं. १९८० च्या सुमारास रिचर्ड वेट या भूगर्भशास्त्रज्ञाने हे थर बारकाईने वाचले. चाळीसच्या आसपास भरले. मधल्या एका थरावर माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख पडलेली, स्वच्छ, पाण्यात न कालवलेली, आणि थरांच्या माथ्यावर छोट्या प्राण्यांची बिळं. म्हणजे दोन पुरांच्या मध्ये जमीन सुकायची, वर्षं जायची, प्राणी राहायला यायचे, तिकडे बर्फ परत पुढे सरकून नदी अडवायचा आणि तळं नव्याने भरायला लागायचं. ब्रेट्झना सुरुवातीला एकच पूर वाटला होता, आणि त्या एकाच पुरासाठी लोक त्यांच्याशी इतकी वर्षं भांडले.