मागच्या दारचा कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो. मागच्या दारी रात्री कोण येऊन जातं ते टिपायला कॅमेरा कुठला घ्यावा, याबद्दल आज बोलायचंय. पण आधी आमच्या आत्याच्या पपईची गोष्ट.

आत्याचं घर गुहागरजवळ. विहिरीपाशी पपई, पलीकडे चिऱ्यांचा गडगा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात झाडावर पिकलेली पपई रोज सकाळी अर्धी खाल्लेली दिसायला लागली. आत्या माकडांच्या नावाने बोटं मोडायची. पण दिवेलागणीला पपई शाबूत असायची, आणि माकडं काही रात्रीची हिंडत नाहीत.

आधी भाच्याने घराच्या राखणीचा, विजेवरचा कॅमेरा लावला. पावसात वीज गेली की तो बंद. वीज असली की समोर कोळ्याने विणलेलं जाळं दिव्यात पांढरंफटक चमकायचं, मागचं काहीच दिसायचं नाही. मग मी सेलवरचा ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप चित्रण करणारा कॅमेरा, आणला आणि माडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्ट्याने आवळला. पहिल्या दिवशी १४० क्लिपा. सगळ्या उन्हात हलणाऱ्या केळीच्या पानाच्या! कॅमेरा फिरवून गडग्याकडे केला.

तिसऱ्या रात्री, दोन वाजून सतरा मिनिटांनी, गडग्यावरून एक उदमांजर आलं. आमच्याकडे त्याला कांडेचोर म्हणतात. लांब शेपूट, डोळे चमकताहेत, आणि मागे ओळीने तीन पिल्लं. आई सरसर पपईवर चढली. दोन पिल्लं बुंध्याशी थांबली. तिसरं मात्र थेट कॅमेऱ्याकडे आलं, हुंगलं, आणि पडदाभर त्याचं ओलं नाक!

आत्याला ती क्लिप पाच वेळा दाखवावी लागली. मग म्हणाली, "अगो, लेकुरवाळी आहे ती. खालची पपई काढू नका कोणी."

जाता जाता सांगते, हल्ली जो तो गडगा पाडून सिमेंटची भिंत घालतो, वर काचा रोवतो. मला हे अजिबात पटत नाही. गडग्याच्या फटींत सरडे राहतात, मुंगसं ये-जा करतात. भिंतीत कोण राहणार? आणि पाचोळा रोज जाळायचा हा कुठला नीटनेटकेपणा?

असो. ते नाक धूसर आलं होतं. का? तर बहुतेक ट्रॅप कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, फार जवळचं स्पष्ट येत नाही. म्हणून जनावराच्या वाटेपासून दोन-तीन मीटर तरी लांब बांधा.

खोक्यावरचे मेगापिक्सेल बघून भुलू नका. पुष्कळदा तो आकडा फुगवलेला असतो. हालचाल ओळखणारा सेन्सर बघा. पुन्हा सांगते, मेगापिक्सेल नाही, सेन्सर. हालचाल झाल्यावर कॅमेरा किती लवकर सुरू होतो, ते विचारा. हा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्याच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा तो मंदावतो. काचेआडून तर चालतच नाही, म्हणून खिडकीच्या आत ठेवू नका. आणि जनावर समोरून येण्यापेक्षा आडवं गेलं तर लवकर पकडतो, तेव्हा जनावराची वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल असं त्याचं तोंड ठेवा.

कॅमेऱ्यातले रात्रीचे दिवे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाचे असतात, आणि तरंगलांबीप्रमाणे दोन प्रकारचे. ८५० नॅनोमीटरचे लांबवर पोचतात, पण मंद लाल दिसतात. ९४० चे जवळजवळ दिसतच नाहीत, पोचतात थोडे कमी. परसाला ९४० पुरे. पांढरा फ्लॅश मात्र नको. अंधारात वावरणाऱ्या जिवाच्या डोळ्यांवर तो का मारायचा?

पावसाळ्यात आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा, झाकणाचं रबर पुसून घ्या. कॅमेऱ्यात मुंग्या घर करतात, तेही बघत जा.

आत्याचा कॅमेरा अजून लावलेलाच आहे, फक्त आता चार पावलं मागच्या माडावर. पुढच्या आठवड्यात जायचंय तिकडे, सेल बदलायला. नमस्कार.